एक्स-रेमध्ये हाड दिसतं, पण तिथे रक्त पोहोचतंय का? घोड्याच्या खुराचा ‘व्हेनोग्राम’ काय सांगतो?

शर्यतींची आवड नसली तरी सेक्रेटेरिएट या घोड्याचा व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये कधीतरी येऊन गेला असेल. १९७३ सालची अमेरिकेतली बेलमाँट स्टेक्स ही शर्यत. तांबूस रंगाचा एक घोडा बाकीच्यांना ३१ लेंग्थ, म्हणजे ३१ घोडे एकामागे एक उभे केले तर होईल तेवढ्या अंतराने मागे टाकतो. दीड मैलाचं अंतर २ मिनिटं २४ सेकंदांत. तो विक्रम अजूनही मोडलेला नाही.

हा घोडा गेला कशाने? शर्यतीत पाय मोडून नाही, म्हातारपणानेही नाही. ४ ऑक्टोबर १९८९ रोजी, वयाच्या १९ व्या वर्षी त्याला केंटकीमध्ये दयामरण द्यावं लागलं. कारण होतं खुराचा आजार. नाव, लॅमिनायटिस.

बार्बारोची गोष्टही तशीच. त्याने मे २००६ मध्ये केंटकी डर्बी जिंकली आणि दोनच आठवड्यांनी प्रीकनेस स्टेक्समध्ये त्याचा मागचा उजवा पाय मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये शस्त्रक्रिया झाली. मोडलेला पाय सांभाळला गेला, पण जुलैमध्ये मागच्या डाव्या पायाला, म्हणजे न मोडलेल्या पायाला, लॅमिनायटिस झाला. त्या खुराची सुमारे ८० टक्के भिंत काढावी लागली. पुढे जानेवारीत आजार पुढच्या दोन्ही पायांत दिसू लागला आणि २९ जानेवारी २००७ ला बार्बारोलाही दयामरण देण्यात आलं.

आता प्रश्न असा पडतो की एवढ्या मोठ्या जनावराचा जीव खुरामुळे कसा जातो? आणि खूर वाचणार की नाही हे डॉक्टरांना वेळेत कळतं कसं? याचं एक उत्तर म्हणजे खुरातल्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढणारी तपासणी, व्हेनोग्राम. ती नेमकी काय आहे, ते सोप्या भाषेत समजून घेऊया.

आधी खूर समजून घेऊ

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर चालतो. आपल्या हाताच्या मधल्या बोटासारखं ते बोट, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. घोड्याच्या पुढच्या पायाला आपण ज्याला गुडघा म्हणतो, तो खरं तर त्याचं मनगट आहे.

नखात रक्त नसतं, तसं खुराच्या बाहेरच्या कठीण भिंतीतही नसतं. म्हणून तर नालबंद त्यात खिळे ठोकतो तेव्हा घोड्याला दुखत नाही. पण भिंतीच्या आत एक हाड असतं. त्याला कॉफिन बोन म्हणतात. साडेचारशे-पाचशे किलोच्या घोड्याचं वजन वरून खाली येतं ते शेवटी या चार हाडांवर.

गंमत म्हणजे हे हाड खुराच्या तळव्यावर नुसतं टेकलेलं नसतं. ते भिंतीला आतून टांगलेलं असतं. हाडाकडच्या बाजूला नाजूक पापुद्रे असतात, भिंतीच्या बाजूलाही असतात आणि ते एकमेकांत गुंतलेले असतात. बॅगेच्या वेल्क्रोसारखे. एका खुरात असे ५५० ते ६०० मोठे पापुद्रे असतात आणि त्या प्रत्येकावर दीडशे-दोनशे बारीक पापुद्रे. या पापुद्र्यांनाच लॅमिनी म्हणतात. त्यांना सूज येऊन त्यांची पकड सुटते, तो आजार म्हणजे लॅमिनायटिस.

या पापुद्र्यांना जिवंत ठेवणाऱ्या रक्तवाहिन्या हाड आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद जागेतून जातात. एका बाजूला कठीण हाड, दुसऱ्या बाजूला कठीण भिंत. आपला घोटा सुजला तर कातडी ताणली जाते. खुरात सूज आली तर तिला पसरायला जागाच नाही. मग दाबल्या जातात त्या रक्तवाहिन्या.

लॅमिनायटिसमध्ये काय होतं?

पापुद्र्यांची पकड सैल झाली की हाड भिंतीपासून सुटू लागतं. पायाच्या मागच्या बाजूने एक जाड टेंडन खाली येतो आणि कॉफिन बोनच्या तळाला चिकटतो. हाडाला पुढून धरून ठेवणारी पकड गेली, पण मागून ओढणारी दोरी तशीच आहे. त्यामुळे हाडाचं टोक खाली वळतं. काही घोड्यांमध्ये हाड न वळता सरळ खालीच बसतं.

दोन्ही प्रकारांत परिणाम सारखाच. हाडाचं टोक तळव्यावर दाब देतं आणि त्याच्याखाली असलेल्या रक्तवाहिन्या चिरडल्या जातात. वरच्या बाजूला, जिथे केस संपून खूर सुरू होतं तिथल्या वाहिन्याही ताणल्या आणि दाबल्या जातात. बागेतल्या पाण्याच्या पाइपवर कुणी पाय ठेवावा तसं. पाइप फाटलेला नाही, नळही सुरू आहे, पण पुढे पाणी जात नाही.

रक्त नाही म्हणजे नवीन खूर तयार होणं बंद, तळवा जाड होणं बंद आणि जखम भरून येणंही बंद. घोड्याला प्रत्येक पाऊल असह्य होतं. आपण पाय मोडला तर महिनाभर पलंगावर झोपू शकतो. घोड्याला तसं झोपवून ठेवता येत नाही. त्याला उभं राहावंच लागतं, आणि उभं राहायचं ते त्याच दुखऱ्या खुरांवर.

मग एक्स-रे का पुरत नाही?

एक्स-रे काढतातच आणि तो महत्त्वाचाही आहे. हाड किती वळलंय, किती खाली बसलंय, तळवा किती जाड उरलाय हे त्यातून मोजता येतं. पण साध्या एक्स-रेत रक्तवाहिन्या दिसत नाहीत. हाड आणि भिंत यांच्यामधली सगळी मऊ जागा एकसारखी करडी दिसते.

शिवाय हाड हललेलं दिसतं, तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं. सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रे जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो आणि आत मात्र रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो.

याच्या उलटही घडतं. दोन घोड्यांच्या एक्स-रेत हाड सारखंच वळलेलं दिसतं. त्यातला एक सहा महिन्यांनी कुरणात फिरत असतो आणि दुसरा वाचत नाही. फरक कुठे असतो? बऱ्याचदा तो रक्तपुरवठ्यात असतो.

व्हेनोग्राम म्हणजे काय?

माणसांची अँजिओग्राफी तुम्हाला माहीत असेल. हृदयाच्या धमन्यांत आयोडीनयुक्त द्रव सोडतात. आयोडीन क्ष-किरण अडवतं, त्यामुळे द्रव जिथे पोहोचला तिथली वाहिनी फोटोत ठळक दिसते आणि जिथे अडथळा आहे तिथे रेघ तुटते. व्हेनोग्रामचं तत्त्व हेच. फक्त इथे द्रव धमनीत न सोडता शिरेत सोडतात.

तुम्ही म्हणाल, शीर तर रक्त हृदयाकडे परत नेते. तिच्यातून खुराकडे द्रव कसा जाईल?

आपल्या पायांच्या शिरांमध्ये ठिकठिकाणी झडपा असतात. रक्त उलटं खाली येऊ नये म्हणून. घोड्याच्या खुरातल्या शिरांमध्ये मात्र अशा झडपा नाहीत. त्यामुळे वरून रक्ताचा रस्ता बंद केला आणि शिरेत द्रव ढकलला, की तो उलटा खुरात शिरतो आणि तिथलं वाहिन्यांचं सगळं जाळं भरून टाकतो. धमनी खोल असते, तिच्यात सुई घालणं जास्त अवघड. शीर कातडीखालीच असते. म्हणून ही युक्ती सोयीची.

घोडा उभा असताना, तबेल्यातच ही तपासणी करण्याची पद्धत रुजवण्याचं श्रेय केंटकीतले पशुवैद्य डॉ. रिक रेडन यांना दिलं जातं. १९९० च्या दशकात त्यांनी ती आजारी घोड्यांवर वापरायला सुरुवात केली आणि २००१ मध्ये पद्धतीचं सविस्तर वर्णन पशुवैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. त्यांच्या पद्धतीत पूर्ण भूल देण्याची गरज नव्हती. हा मोठा फायदा होता, कारण घोड्याला पूर्ण भूल देऊन आडवं करणं आणि पुन्हा उठवणं यातच मोठी जोखीम असते. खूर आधीच दुखत असेल तर ती आणखी वाढते.

तपासणी कशी करतात?

१. नाल काढतात आणि खूर घासून स्वच्छ करतात. चिकटलेली मातीही फोटोत दिसते आणि गोंधळ होतो.

२. घोड्याला गुंगीचं औषध देतात. पायाचे मज्जातंतू इंजेक्शनने बधिर करतात, म्हणजे खूर दुखत नाही आणि घोडा पाय हलवत नाही.

३. दोन्ही पाय सारख्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवतात. आधी साधा एक्स-रे काढतात, तुलनेसाठी.

४. खुराच्या वरच्या सांध्याभोवती घट्ट रबरी पट्टा बांधतात. यामुळे सोडलेला द्रव वर निसटत नाही.

५. त्याखालच्या शिरेत बारीक सुई घालून साधारण २० ते ३० मिलिलिटर द्रव सोडतात. खूर मोठं असेल तर जास्त लागतो. शेवटचा काही द्रव सोडताना पाय गुडघ्यात किंचित वाकवतात. पायावर पूर्ण भार असेल तर खुराच्या पुढच्या भागातल्या वाहिन्या नीट भरत नाहीत.

६. लगेच बाजूने आणि समोरून एक्स-रे काढतात. हातात जेमतेम पाऊण ते एक मिनिट असतं. त्यानंतर द्रव वाहिन्यांमधून आजूबाजूला झिरपतो आणि चित्र धूसर होतं.

७. पट्टा सोडतात, सुई काढतात आणि त्या जागी दाबून बँडेज बांधतात.

म्हणजे लागतं काय? कुठेही नेता येणारं एक्स-रे मशीन, द्रवाची बाटली, रबरी पट्टा आणि एकमेकांशी जुळवून काम करणारी दोन-तीन माणसं. मोठ्या हॉस्पिटलचं सीटी स्कॅन किंवा एमआरआय मशीन नसलं तरी चालतं.

चित्रात काय शोधायचं?

निरोगी खुराचा व्हेनोग्राम पाहिला तर एखाद्या झाडाच्या मुळांचं जाळं पाहिल्यासारखं वाटतं. हाडाच्या आतली कमान, तिच्यातून फुटणाऱ्या फांद्या, हाडाच्या कडेने फिरणाऱ्या वाहिन्या, टाचेकडचं दाट जाळं, सगळं भरलेलं असतं. पशुवैद्य यात मुख्यतः चार जागा तपासतात.

पहिली जागा खुराच्या वरच्या कडेची. भिंत इथूनच उगवते. इथे द्रव पोहोचला नसेल तर नवीन भिंत वाढणार नाही.

दुसरी, हाडाच्या पुढची. पापुद्र्यांचा रक्तपुरवठा इथे असतो. रेघ पातळ किंवा तुटलेली दिसली तर तिथे दाब किंवा फाटाफूट आहे.

तिसरी, हाडाच्या टोकाखालची. निरोगी पायात इथल्या वाहिन्या हाडाच्या टोकाच्या खाली असतात. आजारात हाडच त्यांच्या खाली उतरतं, त्या वर ढकलल्या जातात किंवा दिसेनाशा होतात.

चौथी, हाडाच्या आतली. इथलीही रक्तवाहिनी भरत नसेल तर स्थिती फार गंभीर असते.

या फोटोवरून काय ठरतं?

इथे खरा कस लागतो. मालकाला तीन गोष्टींचं उत्तर हवं असतं. घोडा वाचेल का? उपचार कोणते? आणि त्याचे हाल लांबवण्यात अर्थ आहे का?

वरच्या कडेला आणि तळव्याला थोडा तरी पुरवठा दिसत असेल, तर प्रयत्नाला आधार मिळतो. टाच उंच करणारी खास नाल बसवून टेंडनची ओढ कमी केली जाते. ओढ फारच असेल तर काही वेळा टेंडन कापण्याची शस्त्रक्रिया करतात. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पुन्हा व्हेनोग्राम काढून दबलेल्या वाहिन्या उघडल्या का ते पाहता येतं. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवले की उपचार लागू पडतोय की नाही हे अंदाजावर सोडावं लागत नाही.

खुराची भिंत महिन्याला जेमतेम सहा ते दहा मिलिमीटर वाढते. पुढची भिंत पूर्ण नवीन यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. आठवड्याभरात लंगडणं कमी झालं म्हणून खूर बरं झालं असं होत नाही. रक्तपुरवठ्याचं चित्र मात्र त्याच्या खूप आधी दिशा सांगतं.

आणि जेव्हा सगळ्या जागा रिकाम्या दिसतात, उपचारांनंतरही त्या भरत नाहीत, तेव्हा हाच फोटो कठीण निर्णय घ्यायला मदत करतो. पुढचे कित्येक महिने वेदना सोसून जे होणार नाही, त्यासाठी घोड्याला उभं ठेवायचं नाही हेही उपचारातलंच एक उत्तर असतं.

ही तपासणी कुठे फसते?

व्हेनोग्राम दिसायला सोपा असला तरी त्यात चुकीचं चित्र मिळणं अगदी सहज शक्य आहे. द्रव कमी पडला, पट्टा सैल राहिला, पायावर भार राहिला, फोटोला उशीर झाला, यातलं काहीही झालं तरी निरोगी खुरातही वाहिन्या गायब दिसू शकतात. म्हणून सराव असलेल्या पशुवैद्यानेच तो काढावा आणि वाचावा. संशय असेल तर पुन्हा काढावा.

दुसरी मर्यादा आणखी महत्त्वाची. इथे द्रव सिरिंजने दाबून भरलेला असतो. त्यामुळे रस्ता मोकळा आहे की बंद हे कळतं, पण त्या रस्त्यावरून रक्त किती वेगाने धावतं हे कळत नाही. ट्रॅफिकचा व्हिडिओ आणि रस्त्याचा नकाशा यांत जो फरक आहे, तोच. व्हेनोग्राम हा नकाशा आहे.

मग रक्त कमी पडतं म्हणूनच लॅमिनायटिस होतो का?

नेहमी नाही. आज या आजाराचे मुख्य तीन मार्ग मानले जातात.

पहिला, शरीरात दुसरीकडे गंभीर आजार किंवा जंतुसंसर्ग झाल्यावर. उदाहरणार्थ, घोड्याने एकदम खूप धान्य खाल्लं किंवा घोडीची वार अडकून राहिली. ऑस्ट्रेलियातले संशोधक ख्रिस पॉलिट आणि अँड्र्यू व्हॅन एप्स यांनी २००४ मध्ये दाखवलं की अशा वेळी सुरुवातीलाच पाय सलग बर्फाच्या पाण्यात ठेवले तर पापुद्र्यांचं नुकसान बरंच कमी होतं.

दुसरा, इन्शुलिन वाढल्यामुळे. लठ्ठ घोडे आणि पोनी यांच्यात हा जास्त आढळतो. निरोगी पोनींमध्ये नुसतं इन्शुलिन वाढवूनही लॅमिनायटिस होतो, हे ऑस्ट्रेलियातल्याच संशोधकांनी २००७ मध्ये सिद्ध केलं.

या दोन प्रकारांत आधी पापुद्र्यांची पकड कमकुवत होते आणि वाहिन्या दबणं बऱ्याच अंशी त्यानंतर येतं.

तिसरा मार्ग म्हणजे बार्बारोचा. एक पाय दुखतो म्हणून सगळा भार जोडीच्या पायावर. चालताना पाऊल टेकलं की खुरातल्या वाहिन्या दाबल्या जातात, उचललं की भरतात. तासन्‌तास एकाच पायावर भार राहिला की हा पंप बंद पडतो. या प्रकारात रक्तपुरवठा कमी होणं हेच मूळ कारण असल्याचं अलीकडचं संशोधन सांगतं. म्हणूनच आता एका पायाला मोठी इजा झालेल्या घोड्याच्या ‘चांगल्या’ पायाची काळजी पहिल्या दिवसापासून घेतात.

आपल्याकडे याचा काय संबंध?

महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवरचे थरोब्रेड, सारंगखेड्याच्या यात्रेत विकायला येणारे घोडे, माथेरानला माणसं आणि सामान वाहणारे घोडे, लग्नाच्या वरातीतली घोडी. जात वेगळी, काम वेगळं, पण खुराची रचना एकच. आणि आजार किंमत बघून येत नाही.

व्हेनोग्राम प्रत्येकाच्या आवाक्यात नसेल. पण पहिली लक्षणं ओळखायला मशीन लागत नाही. घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागच्या पायांवर भार घेऊन उभा राहतो. सतत पाय बदलतो, वळताना अडखळतो. हात लावला तर खूर गरम लागतं. खुराच्या वर मागच्या बाजूला बोट ठेवलं तर नाडी जोरात उडते. यातलं काही दिसलं तर घोड्याला ‘चालवून मोकळं’ करू नका. दाणा बंद करा, पायाखाली मऊ वाळू किंवा जाड अंथरूण टाका आणि त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा. घोड्याने धान्याचं पोतं फोडून खाल्लं असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका.

लॅमिनायटिसमध्ये हाड हलण्याआधीचे तास आणि दिवस सगळ्यात मोलाचे असतात. व्हेनोग्राम त्या काळात खुराच्या आत डोकावू देतो. पण घोडा नेहमीसारखा उभा नाही, हे आधी दिसायला हवं ते त्याला रोज दाणा घालणाऱ्या माणसाला.